पाच बाय आठची युटिलिटी: मोरी कुठं, मशीन कुठं, कपडे कुठं

ताई, तुम्ही पाठवलेला नकाशा नीट पाहिला. कोल्हापुरातल्या आर. के. नगरातलं एक मजली घर, स्वयंपाकघराच्या मागं पाच बाय आठ फुटांची खोली, म्हणजे युटिलिटी. पूर्वेच्या लांब भिंतीत, दक्षिण टोकाला, स्वयंपाकघराचं दार. उत्तरेच्या आखूड भिंतीत परसात उघडणारं दार. पश्चिमेची आठ फुटी भिंत बाहेरची आणि तिला खिडकी. ड्रेनेजचं चेंबर परसात. सध्या सेमी ऑटोमॅटिक मशीन आहे, पुढं फ्रंट लोड घ्यायचा विचार आहे. या खोलीत मशीन, भांड्यांचं सिंक, सासूबाईंना बसून घासायला मोरी, केरसुणी-खराट्याचं कपाट, इन्व्हर्टर, गॅसचा जादा सिलिंडर आणि पावसाळ्यात कपडे वाळवायची सोय, एवढं सगळं बसवायचं आहे. सुतार म्हणतोय, पश्चिमेच्या भिंतीला वरपर्यंत कपाट करू आणि मशीन उरलेल्या जागेत ढकलू. फरशी अजून बसलेली नाही.

फरशी बसायच्या आधी विचारलंत, हे फार बरं झालं. या खोलीतले जवळजवळ सगळे महत्त्वाचे निर्णय फरशीच्या खाली आणि प्लास्टरच्या आत जातात. म्हणून सुताराला थोडं थांबवा. ही खोली दोन गोष्टींवरून आखायची: पाणी कुठून बाहेर जातं आणि जुलैत कपडे कसे वाळतात. या दोन्हीची सोय झाली की कपाटाला जी जागा उरेल, ती कपाटाची.

आधी दोन वस्तू यादीतून काढून टाकूया.

जादा सिलिंडर या खोलीत नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली फरशीवर पसरतो आणि सखल कोपऱ्यात साठतो. तुमच्या खोलीत सगळ्यात सखल जागा म्हणजे मोरी, आणि मोरीला जाळी. जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वळणातलं पाणी सुकलेलं असेल तर गॅस थेट ड्रेनेजच्या पाईपमध्ये शिरतो. त्याच खोलीत इन्व्हर्टर ठेवला तर जोखीम आणखी वाढते. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तो हलका म्हणून वर छताला जातो, आणि इन्व्हर्टरच्या स्विचिंगमध्ये ठिणगी पडू शकते. शिवाय बॅटरीचं वजन पन्नास-साठ किलो. पाणी घालायला, टर्मिनल पुसायला तिच्याजवळ नीट उभं राहता आलं पाहिजे, आणि ओल्या फरशीवर ते काम कुणी करू नये. इन्व्हर्टर जिन्याखाली, हवा खेळती राहील असा ठेवा. सिलिंडर परसात, उन्हापावसापासून छपराखाली, जाळीच्या कुलूपबंद पिंजऱ्यात, चेंबरच्या झाकणापासून लांब, उभा ठेवा. भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो, तेव्हा परसातून आत आणायच्या वाटेत पायरी कमीत कमी असू द्या.

आता मांडणी. तुमचं चेंबर उत्तरेला परसात आहे, म्हणून ओलं टोक उत्तरेला आणि कोरडं टोक दक्षिणेला, स्वयंपाकघराच्या दाराकडं. सगळं सामान पश्चिमेच्या एकाच भिंतीला एका ओळीत. उत्तरेकडून मोजत या: मोरी ३० इंच, सिंक २४ इंच, मशीनची जागा २६ इंच, केरसुणीचं कपाट १६ इंच. झाले ९६ इंच, म्हणजे आठ फूट. या ओळीची भिंतीपासून पुढची खोली २६ इंच धरा, कारण मशीनच्या मागं पाईपला तीन-चार इंच लागतात, आणि भिंतीला टेकवलेलं मशीन पिळताना भिंतीवर आपटतं. पाच फुटांतून २६ इंच गेले की चालायला ३४ इंच उरतात. त्यातच फ्रंट लोडचं दार उघडायचं, पुढं बादली ठेवायची आणि वाकून कपडे काढायचे. म्हणून पूर्वेच्या भिंतीला कपाट अजिबात नको. तिथं हूक, पिशव्या अडकवायची पट्टी आणि फार तर चार-पाच इंचांची साबणाची फळी. परसाचं दार उत्तरेच्या भिंतीत पूर्वेच्या बाजूला सरकवून घ्या, म्हणजे मोरी वायव्य कोपऱ्यात बसते आणि दार मोरीवर आपटत नाही. स्वयंपाकघराचं दार स्वयंपाकघरात उघडू द्या. चौकटीतून आरपार निदान २७ इंच मोकळे मिळाले पाहिजेत, नाहीतर नवीन मशीन आत न्यायला चौकट काढावी लागते. घेणार त्या मॉडेलची मापं दुकानातून आधीच लिहून आणा. आठ-नऊ किलोच्या मशीनची खोली कंपनीगणिक बदलते.

मोरीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण नव्या नकाशांतून ती गायब होत चालली आहे आणि मग घरच्या बायका मागच्या पायरीवर बसून भांडी घासतात. रविवारी तांबडा-पांढरा रस्सा झाला की जी पातेली निघतात ती २४ इंचांच्या सिंकमध्ये मावत नाहीत. पापडाचे तवे, लोणच्याच्या बरण्या, नवरात्राआधीच्या वाकळी-गोधड्या, परसातून आलेले चिखलाचे पाय, या सगळ्यांची जागा मोरीच. सासूबाईंना बसून घासायची सवय असेल तर ती मोडू नका, तिला सोय करून द्या. मोरीला चार इंचांचा कट्टा बांधा, फरशी खरखरीत घ्या, आणि भिंतीला साधारण अडीच फुटांवर स्टीलचा दांडा नीट फिशर टाकून पक्का बसवा, उठताना धरायला. नळ जमिनीपासून १८ ते २० इंचांवर, म्हणजे खाली मोठी बादली सरळ बसते. बसायला आठ-नऊ इंच उंचीचा पाट किंवा स्टूल, आणि तो ठेवायला सिंकखाली मोकळी जागा. कट्ट्याच्या कडा गवंड्याकडून गोल करून घ्या. धारदार कडेवर ओला पाय आपटला तर चांगलंच लागतं.

ढाळ. गवंड्याला फक्त "ढाळ ठेवा" म्हणून उपयोग नाही, आकडा द्या. फुटाला एक सूत, म्हणजे एक अष्टमांश इंच. आठ फुटांत एक इंच होतो. स्वयंपाकघराच्या दारात युटिलिटीची फरशी आधीच एक इंच खाली घ्या आणि उंबऱ्याला ग्रॅनाइटची पट्टी टाका. मग मोरीजवळची फरशी स्वयंपाकघरापेक्षा दोन इंच खाली येते, आणि मशीनचा पाईप निसटला तरी पाणी स्वयंपाकघरात न येता मोरीकडं जातं. फरशी बसवताना एक मग पाणी दक्षिण कोपऱ्यात ओता आणि ते कुठं थांबतं ते उभं राहून पाहा. सिमेंट ओलं असतानाच ही तपासणी होते. फरशी मॅट, घसरू न देणारी. सांधे मोरीत आणि सिंकच्या मागं इपॉक्सीचे भरा, कारण डिटर्जंटच्या पाण्यानं साधं ग्राउट काही वर्षांत निघून येतं.

त्याआधी वॉटरप्रूफिंग. कोबा झाला, कोटिंग झालं की ट्रॅप गोणपाटानं बंद करून खोलीत दोन इंच पाणी ४८ तास भरून ठेवा आणि पातळी खडूनं भिंतीवर मारा. तुमच्या खोलीखाली माती आहे, म्हणून काही जण ही पायरी गाळायला सांगतील. गाळू नका. तुमच्याकडं पाणी खालच्या घरात गळणार नाही हे खरं, पण ते घराच्या पायातून स्वयंपाकघराच्या भिंतीत चढेल आणि ओटा-ट्रॉलीच्या मागं बुरशी धरेल.

ट्रॅप मल्टी फ्लोअर घ्या, म्हणजे बाजूनं जोड घेता येणारा. साध्या नहाणी ट्रॅपच्या जाळीवर मशीनचा पाईप नुसता सोडला तर फ्रंट लोडचा पंप इतक्या जोरानं पाणी फेकतो की जाळीतून फेस वर येतो. मशीनसाठी दोन इंची उभा पाईप भिंतीत घ्या, तोंड जमिनीपासून सव्वादोन फुटांवर उघडं, आणि तो खाली ट्रॅपच्या बाजूच्या तोंडात जोडा. तोंड असं उंच का? फ्रंट लोडचा आउटलेट पाईप जमिनीवर पडलेला असला तर वक्रनळीसारखं पाणी आपोआप बाहेर ओढलं जातं. मशीन भरत राहतं, पाणी जात राहतं आणि धुणं संपत नाही. याउलट, बहुतेक सेमी ऑटोमॅटिक मशीनना पंपच नसतो. त्यांचं पाणी केवळ उतारानं जातं आणि त्यांचा पाईप जमिनीलगतच हवा. तुमच्याकडं आज एक आहे आणि उद्या दुसरं येणार, म्हणून दोन्ही सोयी आजच करून ठेवा: भिंतीत उभा पाईप, आणि मशीनच्या जागेपासून मोरीपर्यंत कट्ट्यातून जमिनीलगत दोन इंची भोक. आज न लागणाऱ्या पाईपला टोपी लावून ठेवली की झालं.

मशीनचा नळ मशीनच्या मागं नको. तो बाजूला, जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर, हात पोचेल असा. गावाला जाताना तो बंद करायची सवय लावा. ढाळ दिलेल्या फरशीवर मशीन डगमगतं, म्हणून त्याच्याखाली दोन इंचांचा सपाट सिमेंटचा कट्टा करा, वर फरशी. फ्रंट लोड साधारण ३४ इंच उंच असतं. दोन इंच कट्टा, थोडी फट, वर ग्रॅनाइट, म्हणजे माथा ३७ इंचांवर येतो. ही उंची कपड्यांच्या घड्या घालायला छान. सिंकचा ओटा मात्र ३२-३३ इंचांवरच ठेवा. तिथं आपले हात ओट्यावर नसतात, सिंकच्या तळाशी असतात. दोन्ही ओटे एका पातळीत आणायचा आग्रह सुतार धरेल, दिसायला बरं म्हणून. पायरी ठेवा. कंबर रोज त्याच उंचीवर वाकणार आहे. फ्रंट लोड नवीन आलं की मागचे वाहतुकीचे बोल्ट काढल्याशिवाय चालू करू नका. आणि विचार बदलून टॉप लोड घेतलंत तर वर ग्रॅनाइट येत नाही, झाकण उघडायला जमिनीपासून निदान साडेचार फूट मोकळे लागतात.

पाण्याचा दाब तुमच्याकडं अडचणीचा नाही, टाकी वरच्या मजल्याच्याही वर आहे. पण ज्यांची युटिलिटी गच्चीवर, टाकीच्या बुडाशी असते, त्यांच्यासाठी सांगून ठेवतो: फ्रंट लोडला साधारण ०.३ ते ०.५ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा दहा ते सोळा फूट वर हवं. त्यापेक्षा कमी असेल तर मशीन पाण्याची वाट बघत एरर दाखवतं आणि लोक मेकॅनिकला दोष देतात. तुमच्या भागात बरीच घरं बोअरच्या पाण्यावर आहेत. तुमच्याकडं दोन टाक्या असतील तर मशीनला नळाच्या पाण्याची लाइन द्या आणि मोरीच्या नळाला बोअरची. बोअरचं पाणी जड असलं की मशीनच्या हीटरवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही आणि टॉवेल कडक होतात.

आता कपडे. आपल्याकडं जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ही खोली मुख्यतः कपडे वाळवायची खोली असते, आणि नकाशात नेमकी तीच गोष्ट दाखवलेली नसते. हिशोब पाहा. सहा किलो सुती कपडे हजार आरपीएमवर, म्हणजे ड्रमच्या मिनिटाला हजार फेऱ्यांवर, पिळून काढले तरी त्यांत साडेतीन लिटरच्या आसपास पाणी उरतं. ते सगळं हवेत जाणार आहे. चाळीस चौरस फुटांच्या बंद खोलीत साडेतीन लिटर पाण्याची वाफ झाली तर ती भिंतींवर बसते, कपड्यांना कुबट वास येतो आणि कोपऱ्यात काळे ठिपके धरतात. चौदाशे आरपीएमवर पिळलं तर पाणी साधारण तीन लिटरवर येतं. मशीन घेताना लोक किलो पाहतात. कोल्हापुरात राहणाऱ्यानं आरपीएमही पाहावा, असं माझं ठाम मत आहे.

वाळवण्यासाठी छताला पुलीचा हँगर घ्या, सहा फुटी दांड्यांचा, चालायच्या ३४ इंचांच्या पट्ट्यावर. छत दहा फूट असेल तर दांड्या नऊ फुटांवर जातात. शर्ट साडेसहा फुटांपर्यंत लोंबतो आणि खालून डोकं न लागता चालता येतं. साड्या, चादरी लांबीत दुमडून दोन दांड्यांवर टाका, दोन थरांत हवा शिरते. दांड्यांमध्ये सहा इंच अंतर हवंच. हँगरचे हूक स्लॅबमध्ये अँकरनं बसवा. ओल्या कपड्यांसह ते ओझं दहा-बारा किलोंच्या वर जातं, फॉल्स सीलिंगला ते पेलवत नाही. या खोलीत फॉल्स सीलिंग करूच नका.

हवा. एक्झॉस्ट पंखा नऊ इंची, उत्तरेच्या भिंतीत परसाच्या दारावर, छताच्या जवळ. आत येणारी हवा दक्षिण टोकाकडून, म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराच्या खालच्या फटीतून किंवा दाराच्या खालच्या भागातल्या जाळीतून. हवा खोलीच्या एका टोकाला खालून शिरून दुसऱ्या टोकाला वरून बाहेर पडली की वाटेत सगळे कपडे येतात. पंखा आणि आत यायची जाळी शेजारी-शेजारी असतील तर पंखा फक्त जाळीतली हवा फिरवत बसतो. शिवाय दक्षिणेच्या भिंतीला एक छोटा फिरता पंखा सात फुटांवर लावा. मुसळधार पावसात बाहेरची हवाच दमट असते, तेव्हा एक्झॉस्टपेक्षा कपड्यांवर थेट सुटलेला वारा जास्त कामाला येतो. घरात लहान बाळ असेल किंवा रोज दोन-तीन खेपा धुणं असेल तर डीह्युमिडिफायरचा, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणाऱ्या यंत्राचा विचार करा. दार-खिडकी बंद करून तो लावायचा, त्या वेळी एक्झॉस्ट बंद.

खिडकी पश्चिमेला आहे आणि आपला पाऊस पश्चिमेकडूनच तिरका येतो. दोन फुटी छज्जा हवाच. सरकत्या काचेची खिडकी नको, ती साधारण अर्धीच उघडते. वर काचेच्या तिरक्या पट्ट्या आणि आतून डासांची जाळी, म्हणजे पावसातही उघडी राहते. सिंक याच खिडकीखाली येईल असं जुळवा. उन्हाळ्यात दुपारचं पश्चिमेचं ऊन फुकट मिळतं, हातानं धुतलेली फडकी तिथंच सुकतात.

कपाट आता उरलेल्या १६ इंचांत. प्लायवूड मला इथं मान्य नाही, सुतार मरीन प्लाय म्हणाला तरी. दोन्ही बाजूंना कडप्पा उभा करा, आत कडप्प्याच्याच फळ्या, पुढं ॲल्युमिनियमच्या चौकटीत जाळीचं दार. अर्ध्या रुंदीत खालपासून पाच फूट उंच मोकळा कप्पा, खराटा आणि मॉप टांगायला. मॉप टेकवून ठेवला की कुजतो, टांगला की सुकतो. उरलेल्या अर्ध्यात साबण, फिनेल, ॲसिडची बाटली. ॲसिड सगळ्यात खालच्या फळीवर, आणि घरात लहान मूल असेल तर कुलपात. वरच्या फळीवर रोज न लागणारं सामान. धान्याची पिंपं, वर्षाची चटणी इथं ठेवू नका. ही खोली कितीही चांगली केली तरी चार महिने दमटच राहणार आहे.

वीज. मशीनसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग, चार फुटांच्या वर, सिंकच्या नळापासून निदान दोन फूट आडवं अंतर ठेवून, म्हणजे कपाटाच्या बाजूला. फ्रंट लोडचा हीटर साधारण दोन हजार वॅटचा असतो, वायर चार चौरस मिलिमीटरची टाका. या खोलीची एमसीबी वेगळी आणि तिच्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवी. ओले पाय, ओले हात आणि धातूचं मशीन एकत्र येणारी ही घरातली जागा आहे, इथं पैसे वाचवू नका. अर्थिंग मीटर लावून मोजून घ्या, "आहे की अर्थिंग" एवढ्यावर थांबू नका. दिवा छताच्या मध्यावर लावला तर आपलीच सावली सिंकमध्ये पडते. एक ट्यूब पश्चिमेच्या भिंतीवर, सिंक-मशीनच्या वर लावा.

हे वाचणाऱ्यांत सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली किंवा नदीच्या बाजूचे कुणी असतील, तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षीच्या पुरात बऱ्याच घरांत पाणी दारातून यायच्या आधी मोरीच्या जाळीतून वर आलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ च्या पुढं पाणी चढायला लागलं की तळमजल्याच्या युटिलिटीची एमसीबी पाडायची आणि मशीन वर न्यायचं. चेंबरकडं जाणाऱ्या पाईपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवा, आणि तो परसात उघडता येईल अशा जागी बसवा, कारण केस आणि चिंध्या अडकून त्याची झडप अर्धवट उघडी राहते. उन्हाळ्यात एकदा उघडून साफ करावा लागतो.

गवंडी कामाला यायच्या आदल्या दिवशी एक तास काढा. खोलीत खडूनं ही चारही मापं जमिनीवर मारा: ३०, २४, २६, १६. मशीनच्या जागी त्याच मापाचं खोकं ठेवा. सासूबाईंना मोरीच्या जागी पाटावर बसवा आणि नळ कुठं हवा ते त्यांनाच भिंतीवर खूण करायला सांगा. तुम्ही भरली बादली घेऊन स्वयंपाकघरातून परसापर्यंत चालून बघा. कोपर कुठं लागलं, कुठं वळताना अडलात, तिथं माप बदला, पण मोरी-सिंक-मशीन-कपाट हा क्रम बदलू नका. मग त्याच खुणांवर प्लंबरला पाईप टाकायला लावा, आणि प्लास्टर भरायच्या आधी मोजपट्टी धरून चारही भिंतींचे फोटो काढून ठेवा. पुढं पुलीसाठी किंवा दांड्यासाठी ड्रिल मारताना पाईप नेमका कुठं आहे ते त्यातच सापडेल.